नियोक्त्याधारित व्हिसा आणि मातृत्वाचे संरक्षण

बंगळुरूच्या कोरमंगला येथील संगणक अभियंता नोकरीनिमित्त एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेली, की तिच्या मातृत्वाचे कायदेशीर संरक्षण बदलते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या संघीय कायद्यानुसार १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी रजा मिळते. त्यासाठी त्या नियोक्त्याकडे किमान १२ महिन्यांची सेवा आवश्यक असते. नव्याने रुजू झालेली गर्भवती यात बसत नाही. शिवाय नोकरी सुटल्यास वास्तव्यासाठी सामान्यतः कमाल ६० दिवसच मिळतात. म्हणून श्रमिकांच्या स्थलांतराचे मूल्यमापन करताना वेतनाबरोबरच सामाजिक सुरक्षेचाही विचार अगत्याचा ठरतो.