आधी लगाम बघ

अगं, सिग्नलिंगचा धडा उघडला की तुझं तोंड उतरतं, ते कळतं मला. पानभर बाण, आणि ह्यानं त्याला चालू केलं, त्यानं पुढच्याला. असली घोकंपट्टी परीक्षा संपेपर्यंतही टिकत नाही. माझं ऐक. एन्झाइम काय करतं हे नंतर बघ; ते गप्प कशामुळे बसतं, हे आधी विचार. उत्तर बहुतेक वेळा त्याच्या घडणीतच सापडतं.

एकच कायनेज घे, एबीएल. काम सरळ आहे: एटीपीचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाच्या टायरोसीनवर चढवायचा. वर लहान भाग, खाली मोठा, मधल्या खोबणीत एटीपी. खरी गंमत त्याच्या सुरुवातीच्या टोकाला आहे. तिथं १४ कार्बनचं एक स्निग्धाम्ल जोडलेलं असतं. ते टोक वळून येतं आणि खालच्या भागातल्या एका खोल खळगीत शिरतं. ते आत बसलं की तिथली शेवटची सर्पिल वाकते, आणि ती वाकली म्हणूनच एबीएलच्याच एसएच-टू या भागाला टेकायला जागा होते. मग एसएच-टू आणि एसएच-थ्री मिळून पाठीमागून असे आवळतात की कायनेज ढिम्म! लगाम दुसऱ्या कुणी घातलेला नाही, त्याचा त्यानंच घातलाय. २००३ साली स्फटिकरचनांमध्ये हे दिसलं.

आता आजार पाठ करावा लागणार नाही. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की एबीएलचं ते टोक जातं आणि त्याजागी बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा भाग येतो. स्निग्धाम्ल गेलं, लगाम सुटला. वर बीसीआरमुळे ही प्रथिनं एकत्र येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि एन्झाइम मोकाट सुटतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं मूळ हेच.

औषधंही याच नजरेनं बघ. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेलं इमॅटिनिब एटीपीच्या खोबणीत बसतं, पण कायनेज निष्क्रिय घडीत असेल तरच. ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं की एक हायड्रोजन बंध जातो, वाटही अडते, आणि औषध बसेनासं होतं. २०२१ मध्ये मान्यता मिळालेलं ॲसिमिनिब त्या खोबणीच्या वाटेलाच जात नाही. ते थेट रिकाम्या पडलेल्या खळगीत शिरतं आणि सुटलेला लगाम परत घालतं! म्हणून ३१५चा बदल असला तरी ते लागू पडतं, फक्त मात्रा बरीच वाढवावी लागते.

प्रत्येक कायनेजचा लगाम वेगळा, हेही ध्यानात ठेव. एसआरसीला त्याचंच शेपूट धरून ठेवतं. पीकेएला दुसरंच उपप्रथिन येऊन धरतं आणि सायक्लिक एएमपी आल्यावर सोडतं. प्रोटीन डेटा बँकेत या सगळ्यांच्या रचना फुकट बघायला मिळतात. स्क्रीनवर फिरवून बघ, खळगी स्वतः शोध. आणि तोंडी परीक्षेत एबीएलबद्दल विचारलं, तर नावाचं पूर्ण रूप सांगत बसू नकोस. ते कशानं थांबतं, तिथूनच सुरुवात कर. पुढचा आजार आणि औषध ओघानं येतील.