फवारणी पंपाची जोडपिन : झीज रोखण्यासाठी उष्मोपचार

कीड व्यवस्थापनाच्या शिफारशीत कीटकनाशकाची मात्रा व पाण्याचे प्रमाण काटेकोरपणे दिलेले असते. मात्र द्रावण पिकावर पोचविणाऱ्या पंपाच्या स्थितीकडे तितके लक्ष दिले जात नाही. हाताने चालविण्याच्या पाठीवरील पंपात दांडा व दट्ट्या यांना जोडणाऱ्या पोलादी पिना सतत घासल्या जातात. पिन व तिचे छिद्र झिजले की सांधा ढिला होतो, दांड्याच्या हालचालीचा काही भाग वाया जातो आणि दट्ट्याची धाव घटते. दाब टिकत नाही, थेंब मोठे पडतात आणि पानांच्या खालच्या बाजूस असलेल्या तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या किडींपर्यंत फवारा नीट पोचत नाही. परिणामी दोष कीटकनाशकाला दिला जातो व मात्रा विनाकारण वाढविली जाते.

पोलादाची निवड

झिजलेली पिन बहुधा स्थानिक लेथवर करून घेतली जाते. ती सौम्य पोलादाची असल्यास लाल तापवून पाण्यात बुडविली तरी पुरेशी कठीण होत नाही. पोलादाचा कठीणपणा त्यातील कार्बनवर अवलंबून असतो. सौम्य पोलादात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. ‘ईएन ८’ या मध्यम कार्बनच्या पोलादात तो सुमारे ०.४ टक्के असल्याने त्यास ‘पाणी देता’ येते. म्हणून लेथवर काम देतानाच ‘ईएन ८’ची सळई मागावी.

उष्मोपचाराचे टप्पे

१. पिन प्रथम पूर्ण आकारात घडवावी. छिद्रे व खाचा आधीच कराव्यात. अंतिम घासकामासाठी व्यासात सुमारे ०.२ मि.मी. जादा ठेवावे.

२. पिन ८३० ते ८६० अंश सेल्सिअसपर्यंत एकसारखी तापवावी. तापमापक नसल्यास लोहचुंबकाचा उपयोग होतो. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकास चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवावे. रंग उन्हात फसवा दिसतो, म्हणून काम सावलीत करावे. उघड्या भट्टीत फार वेळ ठेवल्यास पृष्ठभागातील कार्बन जळतो व वरचा थर मऊ राहतो.

३. तापलेली पिन उभी धरून तेलात बुडवावी व हलवत राहावी. आडवी टाकल्यास ती वाकण्याचा संभव असतो. पाण्यात कठीणपणा अधिक येतो, परंतु तडे जाण्याचा धोकाही वाढतो. तेल लोखंडी भांड्यात असावे. आग विझविण्यासाठी झाकण व कोरडी वाळू जवळ ठेवावी.

४. या अवस्थेत पिन काचेप्रमाणे ठिसूळ असते. म्हणून लगेच सुमारे २०० अंशांवर एक तास ठेवून तिचे टेंपरिंग करावे. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर फिकट गवती पिवळा रंग येणे ही त्याची खूण होय. निळा रंग आल्यास तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले व कठीणपणा बराच कमी झाला, असे समजावे.

५. शेवटी कानस फिरवून पाहावी. कानस सरकून गेली तर काम साधले. सहज चावली तर पिन मऊ राहिली आहे. ग्राइंडरवर घासताना पिन तापू देऊ नये.

सौम्य पोलादच वापरावयाचे झाल्यास पृष्ठभागात कार्बन मुरविण्याची, म्हणजे कार्ब्युरायझिंगची, प्रक्रिया करावी लागते. पिन कोळशाच्या पुडीसह बंद पेटीत सुमारे ९०० ते ९३० अंशांवर काही तास ठेवून नंतर शमन व टेंपरिंग केले जाते. बाहेरील थर कठीण आणि गाभा चिवट राहतो. लुधियाना, राजकोट, कोइंबतूर, कोल्हापूर अशा औद्योगिक केंद्रांत ही प्रक्रिया मजुरीवर करून मिळते. अनेक शेतकऱ्यांच्या पिना एकत्र पाठविल्यास खर्च विभागला जातो. सायनाइड क्षारांचा प्रयोग गावपातळीवर कदापि करू नये.

विशेष दक्षता

• वापरलेला भाग भट्टीत घालण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने नीट धुवावा. कीटकनाशकाचे अवशेष तापल्यास विषारी वाफा निघतात. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवू नये.

• पितळी नोझल किंवा ‘३०४’ प्रतीचे स्टेनलेस पोलाद तापवून बुडविल्याने कठीण होत नाही. नोझलचा प्रवाह त्याच दाबास नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढल्यास ते बदलावे.

• उष्मोपचाराने झीज कमी होते, गंज थांबत नाही. फवारणीनंतर पंप स्वच्छ धुऊन, वाळवून पिनांना तेलाचा हात द्यावा.

• कठीण पिनसोबत सहज बदलता येणारे बुश वापरावे, म्हणजे झीज स्वस्त भागावर जाईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या प्रशिक्षणात पंपाचा दांडा हलवून सांध्यातील ढिलेपणा तपासून दाखवावा. मात्रा वाढविण्याचा विचार करण्यापूर्वी पंपाची ही तपासणी झालेली असणे आवश्यक आहे.