पासाचे पैसे आणि रिक्षाचे पैसे



जून महिना लागला की शाळा-कॉलेजची फी, वह्या-पुस्तके, रेनकोट, घरावरच्या ताडपत्र्या असे सगळे खर्च एकदमच दाराशी येऊन उभे राहतात. या दिवसांत मिस्सानंतर ऑफिसात येणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "फादर, पगार दोघांचा आहे, पण पुरत नाही." पैसे कुठे जातात हे विचारले की घराचा हप्ता, किराणा, लाइट बिल हे सारे रुपया-पैशांसह सांगितले जाते. प्रवासाचे विचारले की उत्तर ठरलेले असते, "प्रवासाचे काय फादर, ट्रेनचा पास आहे ना!"

म्हणून या रविवारी आपण प्रवासखर्चाचाच हिशेब घेऊ. धर्मग्रामातील एका कुटुंबाने आमच्या सांगण्यावरून महिनाभर वही ठेवली. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ती येथे मांडत आहोत.

नवरा अंधेरीला कंपनीत, बायको बोरिवलीच्या हॉस्पिटलात. मुलगा बारावीला, मुलगी पाचवीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ४६,००० रुपये. प्रवासाला किती लागतात, या प्रश्नाला नवऱ्याचे उत्तर होते, "दीड-दोन हजार."

वहीत निघाले ते असे. नवऱ्याची घर ते वसई रोड स्टेशन शेअर रिक्षा २० रुपये, अंधेरीला उतरल्यावर पुन्हा शेअर रिक्षा २५ रुपये. जाऊन-येऊन दिवसाचे ९०, आणि २६ दिवसांचे २,३४०. बायकोचे ८८०. मुलगा दोन रिक्षा बदलून कॉलेजला जातो, त्याचे २२ दिवसांचे १,३२०. मुलीच्या शाळेच्या व्हॅनचे १,२००. लग्नकार्याला व रविवारी केलेल्या स्पेशल रिक्षांचे ६२०. हे झाले ६,३६०. यात दोघांचे रेल्वेचे पास मिळवा, जे पाचशेच्याही आत आहेत. एकूण सुमारे ६,८००. म्हणजे पगारातल्या प्रत्येक शंभरातले जवळजवळ पंधरा रुपये रस्त्यावर गेले, आणि त्यात रेल्वेचा वाटा एक रुपयाच्या आसपास.

आपल्या भागाचे हे खरे चित्र आहे. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, तेव्हापासून ही गाडी आपल्याला पोसत आली आहे. फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन आपली माणसे पहाटेच्या गाडीने दादरला गेली. स्टेशनपर्यंत ती सायकलने नाहीतर पायी जात. लोकल आजही स्वस्त आहे. महाग आहेत ती दोन्ही टोके, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाची जागा. आपण मात्र बचत शोधतो ती पासात. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट आणि वार्षिक १०.८ पट दरात मिळतो, म्हणजे दहा टक्के वाचतात. जरूर वाचवावेत. पण या कुटुंबाचे त्यातून महिन्याला पन्नास रुपयेही वाचणार नाहीत. हे म्हणजे घागर गळत असताना पेला पुसण्यासारखे झाले.

(आम्हीही शहाणे नाही. धर्मगुरूनिवासातील मोटारसायकलचे पेट्रोल आमच्या जमाखर्चात दोन वर्षे "किरकोळ" या सदरात जात होते. वेगळे काढले तेव्हा ते वाणसामानाच्या निम्मे निघाले.)

आता मूळ प्रश्न. हे कुटुंब आमच्याकडे आले होते ते मुलाच्या बाइकसाठी, पतपेढीला शिफारसपत्र मागायला. मुलाचे म्हणणे, "रिक्षाला पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे हप्त्याला जातील." ऐकायला बरोबर वाटते. आम्ही तिघांनी कागद घेतला. रस्त्यावर आणेपर्यंत ९५,००० रुपये, त्यातले १५,००० रोख, ८०,००० कर्ज. शोरूमवाल्याने सांगितले होते, १० टक्के व्याज, तीन वर्षे. व्याजाचे झाले २४,०००, आणि हप्ता सुमारे २,९००. पेट्रोल महिन्याला हजार-अकराशे. मुंबईत मे २०२१ अखेर लिटरला शंभर ओलांडल्यावर ते शंभराच्या आत आलेले नाही. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर यांचे सरासरी चारशे. बेरीज ४,४०० आणि वर इन्शुरन्स. रिक्षाचे जाणार होते १,३२०.

त्या "१० टक्के" विषयीही सांगितले पाहिजे. हा फ्लॅट दर आहे. दर महिन्याला मुद्दल फिटत असते, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण ८०,००० वर लावलेले असते. शिल्लक मुद्दलावर मोजले तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद मागावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जदारांना तो देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि त्यात खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. शिवाय मुलगा सतराचा आहे. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकून वडिलांनी शिफारसपत्राचा विषय स्वतःच मिटवला.

पण त्या दिवशीचा महत्त्वाचा विषय बाइक नव्हताच. वही वाचताना नवरा बायकोच्या पानावर थांबला. अठरा दिवसांपुढे ४०-४० रुपये होते आणि आठ दिवसांपुढे फक्त २०. "येतानाचे लिहायला विसरलीस?" त्याने विचारले. ती काही बोलली नाही. ते तिच्या दुसऱ्या पाळीचे दिवस होते. रात्री साडेदहानंतर शेअर रिक्षा भरत नाही, आणि एकटीने गेल्यास रिक्षावाला १२० घेतो. ती स्टेशनवरून घरी चालत येत होती. गेली दोन वर्षे. घरी सांगायची, "मैत्रिणीबरोबर आले."

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटलच्या "ओइकोनोमिया" या शब्दावर बरीच पाने वाचली होती. घर चालवण्याची विद्या असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला इकॉनॉमिक्स हा शब्द त्यातूनच आला. घरात काटकसर होते तेव्हा ती नेमकी कोणाच्या पायांनी होते, हा प्रश्न मात्र आम्हाला त्या पुस्तकांत कधी पडला नव्हता.

त्याच टेबलावर पुढचा हिशेब झाला. आठ रात्रींच्या रिक्षाचे ९६० रुपये किराण्याच्या खाली कायमचे लिहिले गेले. नवऱ्याने अंधेरीची शेअर रिक्षा सोडून बेस्टची बस धरायचे ठरवले. मे २०२५ पासून तिचे किमान भाडे साध्या बसला १० आणि एसी बसला १२ आहे. एसी बस धरली तरी महिन्याला ६७६ वाचतात. मात्र त्यासाठी एक गाडी आधीची पकडावी लागते. उरलेले पैसे रविवारच्या स्पेशल रिक्षांतून काढायचे ठरले. बाई माहेरी एसटीने जातात, तेथे महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, हे त्यांना ठाऊक होते, यजमानांना नव्हते.

ज्यांना अशी वही ठेवायची आहे त्यांनी घरातील प्रत्येक माणसाला वेगळे पान द्यावे आणि चालत केलेला प्रवासही शून्य रुपये म्हणून लिहावा. बेरजेला अडचण आली तर शनिवारी संध्याकाळी ऑफिसात यावे, आम्ही असतो.

मुलाला पाऊस संपल्यावर काकांची सायकल दुरुस्त करून मिळणार आहे. तो अजून आमच्याशी बोलत नाही.