हळदीचं क्रीम पांढरं कसं?

प्रश्न : आम्ही सांगलीकडचे. हळदीचं उटणं लावलं की दोन दिवस मान पिवळी दिसते. मग बाजारातली ‘हळदयुक्त’ क्रीमं पांढरीशुभ्र कशी? त्यांत हळद खरंच असते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शंका रास्त आहे. हळदीचा पिवळेपणा येतो कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भाईबंदांमुळे. पुडीत त्यांचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, पण रंगाचा सगळा कारभार त्यांच्याच हाती. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की पाहा : साबण लावताच डाग लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की उडून जातो. म्हणजे कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं, प्रकाशात मोडतं. पाण्यात तर ते जवळजवळ विरघळतच नाही. असा पदार्थ वर्षभर बरणीत टिकवायचा कसा?

त्यावरचा एक तोडगा म्हणजे टेट्राहायड्रोकर्क्युमिन. कर्क्युमिनच्या रेणूत एकआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती निळसर प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. कारखान्यात उत्प्रेरक वापरून त्यातल्या दोन बंधांवर हायड्रोजनचे चार अणू बसवतात. साखळी तुटते, रंग जातो, उरते पांढरट पूड. अँटिऑक्सिडंट गुण तिच्यातही असतो, पण रेणूच बदलल्यामुळे कर्क्युमिनवरच्या संशोधनाचे सगळे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही! काही क्रीमांत मात्र नुसता हळदीचा अर्क असतो, तोही इतका थोडा की रंग दिसूच नये.

डब्यावर ओलं हळकुंड छापायचं आणि आत प्रयोगशाळेत घडवलेला रेणू घालायचा, यात फसवणूक नाही. पण ‘आजीच्या बटव्यातलं’ म्हणून दुप्पट दाम लावणं मला पटत नाही. परीक्षानळीतले निकाल उत्साहवर्धक असले, तरी माणसाच्या त्वचेवरचा पुरावा अजून तोकडाच आहे. सनस्क्रीनची जागा हा घटक घेत नाही.

घेणारच असाल तर घटकांची यादी वाचा. ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. हळद अगदी तळाशी दिसली तर समजून जा. आणि हळदीचीही काहींना ॲलर्जी असते, टेट्राहायड्रोकर्क्युमिनचीही. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस थांबा, मगच चेहऱ्याला लावा.