कंपित हातांना स्वावलंबनाचा घास

वऱ्हाडच्या सामाजिक जीवनात पंगतीला मानाचे स्थान आहे. अमरावती असो वा अकोला, लग्नकार्य असो वा गावचा भंडारा, वडीलधाऱ्यांचे पान आदराने मांडले जाते. परंतु ज्यांचा हात कापतो अशी वृद्ध मंडळी हळूहळू पंगत टाळू लागतात. वरण अंगावर सांडेल, चारचौघांत हसे होईल, या संकोचाने ती एकटी आणि कमी जेवतात. परिणामी वजन घटते व अशक्तपणा वाढतो. ही हानी बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहे.

कंपाचे दोन प्रमुख प्रकार

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ मध्ये वर्णन केलेल्या, आपल्याकडे कंपवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात हात स्वस्थ असताना अधिक कापतो. हालचालींतही मंदपणा येतो. दुसरा प्रकार ‘इसेन्शियल ट्रेमर’ हा होय. तो पुष्कळदा एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. यात हात मांडीवर शांत असतो, परंतु पेला ओठांशी नेताना थरथरतो. थायरॉइडचे विकार व दम्याची काही औषधे यांमुळेही कंप उद्भवू शकतो. म्हणून साधने घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अगत्याची आहे.

साधनांमागील तत्त्व

या साधनांचे तत्त्व साधे आहे. जाड मुठीचा चमचा धरण्यास बोटांना कमी जोर लागतो. सुमारे २०० ग्रॅम वजनाचा जड चमचा काहींचा कंप कमी करतो; मात्र हातात शक्ती कमी असल्यास तोच चमचा थकवा आणतो. यास्तव तो वापरून पाहिल्यावरच निवड करावी. उभ्या काठाच्या ताटात घास काठाला टेकून चमच्यात येतो. दोन कानांचा, झाकणाचा पेला अर्धाच भरावा.

यांपैकी बरेच काही घरीच करता येते. चमच्याच्या दांड्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळावी किंवा सायकलच्या मुठीचे रबर बसवावे. ताटाखाली ओले फडके अंथरावे म्हणजे ताट सरकत नाही. जेवताना कोपर टेबलावर टेकलेले असावे. भाकरीचा तुकडा हाताने खाणे तुलनेने सोपे असते. अडचण येते ती पातळ पदार्थांची. तेव्हा वरण घट्ट ठेवावे, अथवा कढीत भाकर कुस्करून खोलगट चमच्याने खावी.

पुण्याचा एक प्रयोग

मूळच्या पुण्याच्या रचनाकार मिलेहा सोनेजी यांनी कंपवात झालेल्या आपल्या काकांची अडचण पाहून न सांडणारा पेला तयार केला. त्याचा काठ असा वळविलेला आहे की, हिंदकळलेले पेय पुन्हा आतच परतते. २०१५ मध्ये एका जाहीर व्याख्यानात त्यांनी याची माहिती दिली. हा पेला कोणीही वापरावा असा दिसतो. त्यामुळे वापरणाऱ्यावर रुग्णपणाचा शिक्का बसत नाही. साधन स्वीकारले जाण्यास ही बाब फार महत्त्वाची ठरते.

तपोवनाची परंपरा

अमरावतीला ही दृष्टी नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तेथे उभारलेल्या तपोवनाने कुष्ठरुग्णांना श्रमाच्या व स्वावलंबनाच्या मार्गाने प्रतिष्ठा मिळवून दिली. कुष्ठरोगात हात कापत नाही, तो बधिर होतो. तरीही जाड व उष्णता न पोहोचणारी मूठ तेथेही उपयोगी पडते. हाताला वस्तूप्रमाणे वळविण्याऐवजी वस्तू हाताप्रमाणे घडवावी, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत पार्किन्सन विकाराचा समावेश आहे. पात्र व्यक्तीस तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी ३,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली.

कुटुंबीयांचे कर्तव्य

प्रेमापोटी भरविण्याची घाई पुष्कळदा होते. परंतु जोवर हात घास उचलू शकतो, तोवर त्याला वेळ द्यावा. कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध व डाळ-दुधासारखा प्रथिनयुक्त आहार यांच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवाव्यात. गावोगावचे सुतार, आरोग्यसेविका व महिला मंडळे यांनी मनावर घेतल्यास अल्प खर्चात अशी साधने घरोघर पोहोचतील आणि पंगतीतून उठलेली वडीलधारी माणसे पुन्हा आपल्या पानावर येऊन बसतील.