अद्भुतविश्वातील बदलाची मागणी : ऑनलाइन खेळांतील खेळाडूंच्या अपेक्षांचा विचार

१. प्रास्ताविक

अद्भुतरम्य कथनाचा वाचक हा परंपरेने स्वीकारणारा वाचक आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ (१९१३) पर्यंतच्या कादंबऱ्यांतील योगायोग आणि रहस्ये मराठी वाचकाने मान्य केली. एखादे पात्र वाढवावे, एखादा प्रसंग गाळावा असे त्याला वाटले असले, तरी ते वाटणे संहितेबाहेरच राहिले. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सचा शेवट केला आणि १९०३ साली, वाचकांच्या दीर्घ आग्रहानंतर, त्याला परत आणले. पण साहित्यव्यवहारात हे उदाहरण अपवाद म्हणूनच सांगितले जाते.

ऑनलाइन अद्भुत खेळांत मात्र हा अपवादच नियम झालेला दिसतो. येथे एक कल्पित विश्व सर्व्हरवर अखंड चालू असते. हजारो खेळाडू एकाच वेळी आपापल्या पात्राच्या रूपाने त्यात वावरतात, कौशल्ये वाढवतात, राक्षसांशी लढतात, व्यापार करतात. निर्माते त्या विश्वात सतत भर घालतात आणि खेळाडू सतत मागण्या करतात. या प्रकाराचा उगम शब्दांतच आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला ‘मड’ हा खेळ चित्रविरहित होता. त्यातील दालने, वस्तू आणि प्राणी केवळ वर्णनांतून उभे राहत.

खेळाडूंच्या मागण्या या वरवर तक्रारी वा हट्ट वाटल्या, तरी त्या एका प्रकारची समीक्षाच आहेत आणि त्यांच्या मुळाशी संहितेवरील अधिकाराचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. मागण्यांचे प्रकार

या मागण्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिली सोयीची मागणी : प्रवास लवकर व्हावा, सोबती चटकन मिळावेत, सामान ठेवण्यास जागा वाढावी. दुसरी विस्ताराची : नवे प्रदेश, नवी कौशल्ये, नवे शत्रू हवेत. तिसरी समतोलाची : अमुक शस्त्र वा अमुक पात्रवर्ग अवाजवी बलवान झाला आहे, त्याला आवर घालावा. चौथी पुनःस्थापनेची : जे काढून टाकले ते परत द्यावे.

या मागण्या परस्परांशी भांडतात, याचे कारण बार्टल यांच्या १९९६ सालच्या निबंधात सापडते. त्यांनी खेळाडूंच्या चार वृत्ती सांगितल्या : सिद्धी मिळवू पाहणारे, शोध घेणारे, सहवासासाठी येणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. सिद्धी शोधणाऱ्याला जो जलद मार्ग वरदान वाटतो, तोच शोध घेणाऱ्याला प्रदेशाचा संकोच वाटतो. एकाच संहितेचे चार वाचक चार अर्थ लावतात, ही गोष्ट साहित्यविचाराला नवी नाही. येथे मात्र प्रत्येक जण आपल्या अर्थानुसार संहिता बदलून मागतो.

३. साठवलेले श्रम : ‘रूनस्केप’चे उदाहरण

केंब्रिज येथील जॅगेक्स कंपनीचा ‘रूनस्केप’ हा खेळ २००१ साली सुरू झाला. त्यातील बहुतेक कौशल्यांची ९९वी पातळी गाठण्यास १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात. यांतील निम्मे गुण जमतात तेव्हा खेळाडू ९२व्या पातळीवर असतो. म्हणजे शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या सर्व पायऱ्यांइतकेच कष्ट पडतात. झाडे तोडणे, मासे धरणे, धातू वितळवणे अशा कामांत खेळाडूंचे शेकडो तास जातात. कादंबरीचा वाचकही वेळ देतो, पण त्याचा वेळ पुस्तकाच्या पानांवर नोंदला जात नाही. येथे तो संहितेतच साठून राहतो. म्हणून संहितेतील बदल हा खेळाडूच्या गतकाळाच्या मूल्यातील बदल ठरतो. नव्या सोयीमुळे तेच फळ चौथ्या हिश्शाच्या श्रमात मिळू लागले, तर आधी मिळवलेले फळ नाहीसे होत नाही, परंतु त्याचा अर्थ बदलतो.

या दृष्टीने ‘रूनस्केप’चा इतिहास बोलका आहे. खेळातील संपत्ती खऱ्या पैशांना विकण्याचा व्यवहार रोखण्यासाठी २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी कंपनीने खेळाडूंमधील मुक्त व्यापारावर आणि ‘वाइल्डरनेस’ या धोक्याच्या प्रदेशातील मुक्त द्वंद्वावर बंधने आणली. उपाय सकारण होता, पण खेळाडूंच्या लेखी त्या विश्वातील जोखीम आणि औदार्य ही दोन्ही मूल्ये एकदम गेली. मित्राला मोठी भेट देणेही अशक्य झाले. पुढे घेतलेल्या मतदानात दहा लाखांहून अधिक मते पडली, त्यांतील प्रचंड बहुमताने कौल जुन्या व्यवस्थेच्या बाजूने दिला आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी ती परत आली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची सारी पद्धतच बदलण्यात आली, तेव्हा असंतोष पुन्हा उसळला. या वेळी मागणी झाली ती जुन्या प्रतीची. ऑगस्ट २००७ मधील खेळाची एक जतन केलेली प्रत कंपनीकडे होती. सुमारे साडेचार लाख मते मिळाल्यानंतर तिच्या आधारे २०१३ साली ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा स्वतंत्र खेळ चालू झाला. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर वाचकांनी प्रक्षिप्त भाग नाकारून पूर्वीचा पाठ मागितला.

पण जुना पाठ हाती आल्यावर खेळाडूंनी तो जसाच्या तसा ठेवला नाही. २००७ च्या त्या प्रतीनंतर मूळ खेळात आलेले ‘गॉड वॉर्स डंजन’ त्यांनी २०१३ सालीच मान्य केले. खरेदीविक्रीची मध्यवर्ती पेठ असलेले ‘ग्रँड एक्स्चेंज’ २०१५ मध्ये आले. २०१६ मध्ये तर मूळ खेळात कधीच नसलेला कूरेंड हा प्रदेश जोडला गेला. यावरून असा निष्कर्ष निघतो की, खेळाडूंना हवे होते ते केवळ जुनेपण नव्हे. आपल्याला न विचारता संहिता बदलली जाऊ नये, हा त्यांचा खरा आग्रह होता.

४. सोय आणि दुय्यम विश्वाची संगती

जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवरील आपल्या १९३९ च्या व्याख्यानात ‘दुय्यम विश्वा’ची कल्पना मांडली. असे विश्व आपल्या अंतर्गत नियमांशी प्रामाणिक असेल तोवरच रसिक त्यावर विश्वास ठेवतो. सोयीची मागणी तपासण्यास ही कसोटी उपयोगी पडते.

ब्लिझर्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळातील उडण्याच्या वादात या कसोटीचा कस लागला. आकाशमार्गे जाणाऱ्याला डोंगर, दरी, टेहळणीचे पहारे यांचा अडसर राहत नाही. प्रदेशाची रचना त्याच्यापुरती निरर्थक होते. या कारणास्तव २०१४ च्या विस्तारात नव्या प्रदेशांत उडण्यास वाव दिला गेला नाही, आणि २०१५ मध्ये तो पुढेही दिला जाणार नाही असे सांगण्यात आले. तीव्र विरोध झाल्यावर काही आठवड्यांतच तडजोड निघाली : आधी प्रदेश पायी धुंडाळावा, ठरावीक कामे पुरी करावीत, मगच उडण्याचा अधिकार मिळावा. ही तडजोड वाङ्मयीन दृष्ट्या मार्मिक आहे. सोय दिली गेली, पण ती कथनाच्या आरंभी नव्हे, तर कमाई म्हणून शेवटी.

याच खेळाच्या मूळ रूपाची मागणी निर्मात्यांनी प्रथम मनावर घेतली नाही. २०१३ मध्ये कंपनीच्या एका प्रमुखाने, खेळाडूंना ते हवेसे वाटते पण खरोखर हवे नाही, अशा आशयाचे उत्तर जाहीर कार्यक्रमात दिले. चाहत्यांनी परवानगीविना चालवलेला ‘नॉस्टॅलरियस’ हा सर्व्हर कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ आणला. संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाला ‘वन्समोअर’ अपरिचित नाही, आणि दुसऱ्यांदा गायिलेले पद तेच असूनही तेच नसते, हेही त्याला ठाऊक आहे. क्लासिकचेही तसेच झाले. प्रदेश जुना होता, पण त्याच्या वाटा आता सर्वांना पाठ होत्या. संहिता परत आणता येते, पहिल्या वाचनातील अज्ञान परत आणता येत नाही.

५. बहुमत आणि आस्वाद

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये नव्या भरीसाठी ७५ टक्के मतांची अट होती, ती २०२२ मध्ये ७० टक्क्यांवर आली. ही अट साठवलेल्या श्रमांचे रक्षण करते, पण तिच्या मर्यादाही उघड आहेत. जो खेळ सोडून गेला त्याला मत नाही, जो अजून आला नाही त्यालाही नाही. द्वंद्वप्रिय खेळाडू अल्पसंख्य असल्याने, त्यांच्यासाठी सुचवलेले बदल त्यांत कधीच भाग न घेणाऱ्यांच्या मतांनी वारंवार पडले.

नव्या कौशल्याचा प्रश्न यासंदर्भात उद्बोधक आहे. २०१४ मध्ये ‘आर्टिझन’, २०१५ मध्ये ‘सेलिंग’ म्हणजे नौकानयन आणि २०१९ मध्ये ‘वॉर्डिंग’ ही कौशल्ये अटीच्या खाली राहिली. नौकानयनाची कल्पना तर प्रथम एप्रिल फूलची थट्टा म्हणून पुढे आली होती. तीच कल्पना २०२३ मध्ये तीन पर्यायांतून निवडली गेली आणि १९ नोव्हेंबर २०२५ रोजी चोविसावे कौशल्य म्हणून खेळात आली. मधल्या काळात केवळ अट शिथिल झाली नाही, प्रश्न विचारण्याची रीतही बदलली. तयार आराखड्यावर होय-नाही मागण्याऐवजी आधी नवे कौशल्य मुळात हवे काय, मग कोणते, मग कशा स्वरूपाचे, असे टप्प्याटप्प्याने विचारले गेले. नकार देणारा वाचक सहकर्त्याच्या भूमिकेत आला.

६. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, खेळाडूची बदलाची मागणी ही त्या विश्वाच्या अर्थाविषयीची मागणी असते. दोन, पुनःस्थापनेच्या मागणीला केवळ स्मरणरंजन म्हणणे अपुरे आहे, कारण तिच्यात संमतीचा आग्रह दडलेला असतो. तीन, खेळाडूचे श्रम संहितेत साठत असले, तरी संहितेची मालकी कंपनीकडेच राहते. कंपनीने सर्व्हर बंद केला, तर ते विश्व आणि त्यातील श्रम एकदमच नाहीसे होतात. ग्रंथ प्रकाशकाने छापणे थांबवले, तरी वाचकाच्या कपाटातील प्रत उरते. खेळाडूकडे अशी प्रत नसते. त्याच्या मागण्यांतील तीव्रता या असुरक्षिततेतून येते, आणि वाचकाच्या अधिकाराची चर्चा करणाऱ्या समीक्षेला तिची दखल घ्यावी लागेल.