कायदा संसदेचा, नियम शासनाचे, पहारा कोणाचा?

भीमेच्या दोन्ही तीरांवरून, शिरूर आणि दौंड तालुक्यांतून, आपल्या निवासी शाळेत येणाऱ्या मुलांना नागरिकशास्त्र शिकविताना मी एक प्रश्न हमखास विचारतो. जातीय अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, हे कोठे लिहिले आहे? मुले म्हणतात, ‘ॲट्रॉसिटी कायद्यात.’ वस्तुतः ते १९८९ च्या अधिनियमात नाही. त्याखालील १९९५ च्या नियमांत, सातव्या क्रमांकावर आहे. पीडितांचे अर्थसाहाय्य आणि जिल्हा दक्षता समिती यांची तरतूदही या नियमांतच आहे.

संसद कायद्याची चौकट ठरविते व तपशील भरण्याचा अधिकार शासनाकडे सोपविते. यालाच प्रदत्त विधिनियमन म्हणतात. ते अपरिहार्य आहे. परंतु नियम करणारा कायद्याची मर्यादा ओलांडू शकतो. म्हणूनच १९५० मध्ये दिल्लीच्या परिवहन प्राधिकरणाविषयीच्या विधेयकावर बोलताना तत्कालीन कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशा नियमांच्या तपासणीसाठी सभागृहाची स्थायी समिती असावी, असे सुचविले. दादासाहेब मावळणकर अध्यक्ष असताना, डिसेंबर १९५३ मध्ये, लोकसभेची अशी समिती स्थापन झाली. राज्यसभेची समिती १९६४ मध्ये आली.

लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात. मंत्र्याला तीत स्थान नाही. नियम संविधानाशी व मूळ कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे काय? त्याने कर लादला काय? न्यायालयाचे दार बंद केले काय? तो प्रसिद्ध करण्यास अकारण विलंब झाला काय? हे ती पाहते. धोरणाचे गुणदोष ती तपासत नाही. नियम रद्द करण्याचा अधिकारही तिला नाही. ती सभागृहाला अहवाल देते. नियम सामान्यतः ३० दिवस दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. दोन्ही सभागृहे सहमत झाल्यास ते बदलता वा रद्द करता येतात.

कायदा अमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम व्हावेत, असा समितीचा आग्रह असतो. या आग्रहाचे मोल आपल्या समाजाने जाणले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी अमलात आला. नियम मात्र ३१ मार्च १९९५ रोजी झाले. मधली पाच वर्षे कायदा होता, पण उपअधीक्षकाने तपास करण्याचे बंधन घालणारा सातवा नियम नव्हता.

महाराष्ट्र विधिमंडळातही उपविधान समिती आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी कायद्याबरोबर त्याचे नियमही वाचावेत. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला नुसते कायद्याचे नाव ठाऊक असून भागत नाही. नियमाचा क्रमांकही सांगता आला पाहिजे.